पूल उडायच्या आधी

मुक्काम पुनावळे, चौदावा मजला.
सोमवार, दुपार.

प्रिय हनीफ यास कोंडाजीचा सलाम, आणि बेगमभाभींना रामराम. (उलटसुलट झाले असेल तर घरातल्या घरात बदलून घ्या.) इकडे मी सर्व खुशाल आहे. पूर्वी पत्रात ‘आम्ही सर्व खुशाल’ असे लिहायचो, पण आता घरात ‘सर्व’ म्हणायला मी एकटाच उरलोय, आणि निदान या पत्रात तरी खोटे लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे. तुझी साखर आटोक्यात आहे का? डोळ्यांत ते थेंब घालतोस का, की भाभी समोर आल्या की नुसती मान वर करतोस? भाभींच्या गुडघ्यांसाठी मागे जो तेलाचा उपाय कळवला होता, तो लागू पडला नसेल तर मला बोल लावू नये. तो मला लिफ्टमध्ये एका बाईंनी सांगितला होता आणि त्या मध्येच सहाव्या मजल्यावर उतरल्या, त्यामुळे तेल गरम करून पुढे काय करायचे ते कळायचे राहिले. नुमानच्या गॅरेजला बरकत आहे ना? असणारच. चाकणच्या रस्त्यावर गॅरेज टाकणे म्हणजे देवळाबाहेर नारळाचे दुकान टाकण्यासारखे आहे.

तू म्हणशील, खिशात फोन असताना हा म्हातारा कागद कशाला खर्च करतोय. अरे, मागच्या ईदला मी फोन केला होता तो आठव. मी मुबारक मुबारक म्हणतोय आणि तू हॅलो हॅलो म्हणतोयस, आणि शेवटी दोघांनीही ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, आपण उमेदीची सगळी वर्षे काढली आणि निवृत्त होताना घड्याळ, शाल आणि नारळ घेऊन घरी आलो, पण कान तिथेच राहिले. तिथे काम करताना तरी कानांवाचून कुठे अडायचे? टाळूवर हात ठेवला की साहेब आला, दोन बोटे ओठाला लावली की चहा, आणि कानाजवळ मूठ गोल फिरवली की सिनेमा. ती भाषा फोनवरून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

माझे कसे चालले आहे ते सविस्तर सांगतो. ही इमारत आमच्याच ज्वारीच्या वावरात उभी आहे हे तुला माहीतच आहे. माझे वडील याच जागी माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकायचे. मीही त्याच जागी माळ्यावर बसलोय, फक्त माळा चौदा मजल्यांचा झालाय आणि पाखरे हाकायची सोय राहिली नाही. (बाल्कनीत कबुतरे येतात. एकदा हाकलली तर बाराव्या मजल्यावरच्या कुटुंबाला फार वाईट वाटले आणि त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल नाव न घेता लिहिले.) अजिंक्यला त्याच्या कंपनीने जर्मनीला पाठवले त्याला आता दुसरे वर्ष सरत आले. सूनबाई प्राजक्ताही तिकडेच. गंमत बघ, ज्या जर्मनांचे पूल, धरणे, तोफा आणि आगगाड्या आपण दर आठवड्याला सिनेमात उडवून द्यायचो, त्यांच्याच कारखान्यात माझा मुलगा बसून गाड्यांच्या दरवाज्यांची चित्रे काढतो. माणसे फार चांगली आहेत म्हणे. शेजारच्या म्हातारीने प्राजक्ताला स्वतः विणलेला स्वेटर दिला. आपण उगाच त्यांची एवढी नासधूस केली असे आता वाटते.

जाताना अजिंक्यने हॉलमध्ये एक कॅमेरा बसवला. तो सोफ्याच्या मागच्या भिंतीवर देव्हाऱ्याच्या वर आहे, म्हणजे देवाची आणि मुलाची नजर एकाच रेषेत माझ्या पाठीवर पडते. मी टीव्हीकडे तोंड करून बसतो आणि माझे डोके, मान आणि सोफ्याची पाठ एवढे सगळे जर्मनीत दिसते. आपल्या सिनेमांत आपली माणसे जर्मनांवर नजर ठेवायची, आता जर्मनीतून माझ्यावर नजर आहे. पोराचा हेतू वाईट नाही, हनीफ. मागे डांगे चौकात मला चक्कर आली आणि मी रस्त्यात बसलो, तेव्हापासून तो धसकला आहे. तेव्हा त्याने अट घातली की एकट्याने सोसायटीच्या गेटबाहेर जायचे नाही. पुन्हा काही झाले तर फ्लॅटला कुलूप लावायचे आणि मी तळेगावच्या बाजूला म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत राहायला जायचे. तिचे फोटोही पाठवले आहेत. हिरवळ आहे, बाके आहेत आणि प्रत्येक फोटोत एक म्हातारा हसतोय. (सगळ्या फोटोंत तोच म्हातारा आहे.) मी हो म्हणालो. विमानतळावरून बोलत होता, मागे प्राजक्ता डोळे पुसत होती, नाही कसे म्हणणार?

आता मूळ मुद्द्यावर येतो. अजिंक्यने टीव्हीत असे काही भरून ठेवले आहे की जगातला कोणताही सिनेमा नाव सांगितले की लागतो. मी नाव सांगू शकत नव्हतो, कारण आपल्याला कुठल्याच सिनेमाचे नाव माहीत नव्हते. आपण त्यांना पुलाचा, बर्फाचा, पाणबुडीचा आणि ‘तो दाढीवाला फितूर निघतो तो’ असे म्हणायचो. पण बटण दाबत दाबत मी जाऊ लागलो आणि मागच्या महिन्यात एका दुपारी अचानक पुलाचा सापडला. पाच जण छत्रीने उतरतात, जर्मन शिपायांचे कपडे चोरतात, वायरलेसवाली बाई पावाच्या टोपलीतून सुरुंग आणते, तो. मी उभाच राहिलो. मग आत जाऊन शर्ट बदलून आलो, का ते विचारू नकोस.

तुला ते दिवस आठवतात का? पिंपरीच्या थिएटरात इंग्रजी सिनेमा फक्त मॅटिनीला लागायचा. पहिली पाळी असली की आपण कंपनीत. तिसरी पाळी असली की वेळ असायचा, पण रात्रभर जागल्यामुळे मध्यंतरानंतर दोघेही घोरायचो, आणि एकदा मागच्या रांगेतल्या माणसाने आपल्याला उठवून सांगितले होते की तुमच्यामुळे बॉम्ब ऐकू येत नाहीत. राहिली दुसरी पाळी. दुसऱ्या पाळीची बस थिएटरच्या कोपऱ्यावरून सुटायची, आणि सिनेमा ऐन रंगात आला, सुरुंग लावून झाले, वायर उलगडत उलगडत कप्तान पुलाखाली शिरला, की तू माझ्या मांडीवर चापट मारायचास आणि आपण डबे उचलून अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळायचो. एकाही सिनेमाचा शेवट आपण पाहिलेला नाही. इतके पूल, इतकी धरणे, पण उडताना एकही नाही. आपण नेहमी फक्त तयारी करून दिली.

आणि मग बसमध्ये तू शेवट सांगायचास. इंग्रजी तुला माझ्याइतकेच यायचे, म्हणजे येस आणि नो, पण तू सिनेमाभर मला भाषांतर करून सांगायचास आणि बसमध्ये तर न पाहिलेलेही सांगायचास. अर्धी बस मान वळवून ऐकायची, ड्रायव्हरही आरसा तुझ्याकडे फिरवायचा. तुझ्या शेवटात पूल उडायचा, जर्मन साहेब डोक्याला हात लावून बसायचा आणि आपले पाचही जण होडीत बसून सुखरूप घरी जायचे. फितूरसुद्धा माफी मागून होडीत बसायचा. कप्तानाची आई दारात उभी असायची आणि तिने पोरासाठी शीरखुर्मा करून ठेवलेला असायचा. इंग्लंडात. पुलाच्या सिनेमाच्या वेळी स्टोअरमधला एकजण म्हणाला होता की त्याने रजा काढून पूर्ण पाहिला आणि त्यात कप्तान मरतो. तू त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाहीस. मला म्हणालास, “मेला बिला काय नाय. त्यानं दुसराच पिक्चर बघितलाय.”

तर त्या दुपारी मी सिनेमा पाहत पाहत तिथपर्यंत आलो. कप्तान वायर घेऊन पुलाखाली शिरला, आणि माझ्या मांडीवर चापट पडली नाही. मी बटण दाबून चित्र थांबवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा तिथेच थांबवला. आता तू हसशील, पण मला पुढे बघायची भीती वाटते. माझी सुभद्रा गेली तेव्हा तो शेवट मी एकट्याने पाहिला, अजिंक्य दवाखान्याचे कागद करायला खाली गेला होता. त्यानंतर मी ठरवले आहे की दुसरा कोणताही शेवट एकट्याने पाहायचा नाही. कप्तान मरतो की होडीत बसतो ते मला तुझ्या शेजारी बसून पाहायचे आहे. तू सुभद्राच्या दहाव्याला आला होतास, त्यानंतर आपली गाठ नाही. पुनावळ्याहून चाकण म्हणजे काही काशी नव्हे. नुमान दर वेळी म्हणतो, आणतो काका अब्बांना पुढच्या आठवड्यात, आणि तो खरेच आणणार असतो, पण त्याच्या दारात रोज नवी गाडी बंद पडते. अजिंक्य म्हणतो, दिवाळीत आलो की मी स्वतः नेईन. कोणती दिवाळी ते तो म्हणत नाही. तेव्हा मी मोहीम काढायचे ठरवले.

मोहिमेचा वार गुरुवार. (आपल्याकडे सगळ्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, रस्ते मोकळे, हे माझ्या डोक्यात इतके पक्के बसलेय की पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.) पहिले काम कॅमेऱ्याचे. तो बंद केला तर लगेच फोन येतो. मग मला सिनेमातले ते कैदी आठवले, जे पांघरुणात उशा ठेवून पळतात. मी तर शेतकऱ्याचा मुलगा, मला बुजगावणे करायला कोणी शिकवायचे? कपाटातून कंपनीचा निळा ड्रेस काढला, त्यात उशा आणि सुभद्राच्या जुन्या साड्या भरल्या. डोक्याला माठ लावून पाहिला, तो लवंडला. शेवटी कस्तुराने भाजीला आणलेला लाल भोपळा घेतला आणि त्याला माकडटोपी घातली. कस्तुरा म्हणजे माझ्याकडे सकाळी स्वयंपाकाला आणि फरशीला येते ती बाई, परभणीकडची, तोंडाने फटकळ पण भाकरी पातळ करते. ती गेल्यावर मी बुजगावणे सोफ्यावर माझ्या जागी बसवले, टीव्हीवर पुलाचाच सिनेमा लावून दिला आणि मागून जाऊन पाहिले. हुबेहूब मी. जरा जास्तच तब्येतीत होतो.

फोन घरीच ठेवला, कारण तो बरोबर असला की मी कुठे आहे ते जर्मनीत कळते. गेटवर वॉचमनने अडवले तर सांगायला एक गोष्ट तयार केली होती की कोपऱ्यावर मेथी घ्यायला जातोय, आणि कोणाला मेथी, किती जुड्या, कस्तुरा का नाही गेली, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरे पाठ होती. त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. मी दोन पावले मागे येऊन मुद्दाम खाकरलो, तरीही नाही. जर्मन पहारेकरी निदान कागद तरी मागायचे. मग रिक्षाने डांगे चौक (तिथे मी तोंड रुमालाने झाकले, कारण चक्कर आली तेव्हा पाणी पाजणारा पानवाला ओळखेल अशी भीती होती), तिथून बसने भोसरी आणि भोसरीहून चाकणची बस. खिडकीची जागा मिळाली. फार वर्षांनी छातीत धडधडत होते, हनीफ, आणि ती चक्कर नव्हती.

मोशीपर्यंत सगळे ठीक होते. इंद्रायणीच्या पुलावर बस चढली आणि थांबली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला मोटारी लादलेला एक लांबलचक ट्रेलर. मी कंडक्टरला विचारले, आज गुरुवार ना, मग ही गर्दी कशी? तो म्हणाला की आजोबा, आता निम्म्या कंपन्यांना गुरुवार आणि निम्म्यांना रविवार, रस्त्याला कुठलाच नाही. मी पुलावर किती वेळ बसून होतो ते सांगत नाही, तुला वाईट वाटेल. एवढे मात्र समजले की सिनेमावाल्यांनी उगाच सुरुंगांवर खर्च केला. शत्रूची रसद अडवायची असेल तर पूल उडवू नये, तो जपून ठेवावा आणि दोन्ही टोकांना एकेक चौक बांधावा. शेजारच्या सीटवरचा तरुण डबा उघडून जेवला, झोपला, उठला आणि त्याने विचारले, कुठपर्यंत आलो? आम्ही पुलाच्या दुसऱ्या टोकाला आलो होतो.

आंबेठाण चौकाच्या अलीकडे बस पुन्हा अडली तेव्हा मी उतरलो आणि गॅरेज उजव्या हाताला आहे अशा समजुतीने तिथेच रस्ता ओलांडून चालू लागलो. ऊन कलले होते. अजिंक्यचा फोन रोज दिवेलागणीला येतो, त्यांच्याकडे तेव्हा दुपारच्या कॉफीची सुट्टी असते, आणि फोन वाजला आणि भोपळ्याने उचलला नाही तर पुढे काय, हे मला पुलावर असतानाच सुचायला हवे होते. मी स्वतःला म्हटले, नुसते हनीफच्या दारात जायचे, चल म्हणायचे आणि परत. आणि तेवढ्यात तू दिसलास.

तू रस्त्याच्या पलीकडे होतास. नुमानच्या गॅरेजबाहेर एका मोटारीची काढलेली मागची सीट ठेवली आहे, तिच्यावर तू बसला होतास, पांढरी टोपी, हातात काठी, रस्त्याकडे तोंड. सिनेमाला बसल्यासारखा. सीट दोघांची आहे, आणि तू मधोमध न बसता एका कडेला बसला होतास. मी हाक मारली, “हनीफ्या!” माझी मला ऐकू आली नाही. मध्ये दुभाजक, त्यावर जाळी, आणि दोन्ही बाजूंना गाड्या अशा चिकटलेल्या की मांजर जाणार नाही. जाळी जिथे तुटते ती फट पार चौकाजवळ, आणि माझा गुडघा तिथेच नको म्हणाला. मी हातातली छत्री हलवली. एक कंटेनर पुढे सरकला की तू दिसायचास, दुसरा आला की जायचास. मग मला सुचले आणि मी कानाजवळ मूठ फिरवली. भर हायवेच्या कडेला उभा राहून मी मूठ फिरवतोय आणि एक रिक्षावाला थांबून विचारतोय, काका, काय दुखतंय? कंटेनर सरकला तेव्हा तू हात वर केला होतास. मला पाहून केलास की डोळ्यांवर ऊन आले म्हणून, ते कळायच्या आत पुढचा कंटेनर आला. आणि माझ्या बाजूला भोसरीची परतीची बस येऊन उभी राहिली. ती सोडली तर दुसरी कधी, त्याचा भरवसा नव्हता. तुला तर माहीत आहे, बस आली की आपण उठतोच. मी चढलो. मागच्या काचेतून पाहत राहिलो, पण टोपी नीट दिसली नाही.

परत येताना काय काय डोळ्यांसमोर आले ते सांगत नाही. दार फोडलेले, सोसायटीचे लोक जमलेले, सोफ्यावरच्या भोपळ्याची कोणीतरी नाडी बघतोय, अजिंक्य फोनवर रडतोय आणि तळेगावचा तो हसरा म्हातारा मला घ्यायला आलाय. मी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वॉचमनने मान वर केली नाही. दार होते तसेच होते. आत बुजगावणे टीव्हीसमोर बसलेले, सिनेमा कधीच संपून दुसराच काहीतरी चालू होता. (म्हणजे शेवट माझ्याआधी त्या भोपळ्याने पाहिला. काही बोलत नाही.) फोनवर अजिंक्यचा निरोप होता. लिहिले होते, ‘बाबा, दोनदा फोन केला, पण तुम्ही सिनेमात रंगला होतात, म्हणून पुन्हा नाही केला. छान बसला होतात. जेवून घ्या.’

मोहीम फत्ते झाली, हनीफ. सिनेमातला हेर पकडला गेला की त्याला भिंतीशी उभा करतात, न पकडला गेला तर घरी सोडतात. पण ज्याला पकडायला कोणी आलेच नाही त्याने काय करायचे, ते आपण कुठल्या सिनेमात पाहिले नाही. मी चपला न काढता बुजगावण्याच्या शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो असताना कस्तुरा आली. बाहेर येऊन पाहतो तर तिने सगळी फरशी पुसली होती आणि सोफ्यापुढचा तुकडा तेवढा कोरडा होता. ती बुजगावण्याला म्हणत होती, “पाय वर घ्या की वो बाबा, दोनदा सांगितलं.” मला पाहून किंचाळली आणि मग माझ्यावरच चिडली. मी म्हटले, अगं, एवढा वेळ कळले नाही तुला? तिने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “तुमी तरी काय येगळं करता बाबा? रोज असंच तर बसलेलं असता.”

तिच्या मनात काही नव्हते. पण मला दिवसभर जेवण गेले नाही.

असो. हे सगळे तुला हसू यावे म्हणून लिहिले. माझी काळजी करू नये, मी मजेत आहे. चौदाव्या मजल्यावर हवा चांगली येते. रस्ते बघता तू यायची दगदग मुळीच करू नयेस, दिवाळीत अजिंक्य आला की पाहू. भाभींना नमस्कार, नुमानला आशीर्वाद.

तुझा,
कोंडाजी

ता. क. वर ‘मजेत आहे’ आणि ‘दगदग करू नयेस’ असे लिहिले गेले आहे. पत्रात खोटे लिहायचे नाही असे ठरले होते, पण खाडाखोड केली तर भाभी म्हणतील, अक्षर बिघडले. ते दोन्ही तू वाचू नकोस. सिनेमा पुलाखाली थांबवून ठेवला आहे. कप्तान वायर हातात घेऊन वाट बघतोय. तू ये.

ता. क. (दुसरी) आता खरी अडचण सांगतो. बुजगावणे मी मोडले नाही. नुसते माझ्या जागेवरून उचलून शेजारी बसवले, संध्याकाळी बरे वाटते. शुक्रवारी अजिंक्यने कॅमेऱ्यात दोघांना पाहिले आणि फोन करून विचारले, बाबा, शेजारी कोण बसलंय? मला काय सुचले कोण जाणे, मी म्हणालो, हनीफकाका आलेत. पोराचा आवाज एकदम बदलला रे. म्हणाला, “काका आहेत ना, मग मला काळजी नाही. त्यांना जाऊ देऊ नका, राहू द्या चार दिवस.” आणि प्राजक्ताला हाक मारून सांगितले. तेव्हा तुला कळवण्यास आनंद होतो की तू शुक्रवारपासून माझ्याकडे मुक्कामाला आहेस. निळा ड्रेस घातला आहेस आणि तब्येतीने सुधारला आहेस. मात्र तुझे डोके कस्तुराला भाजीसाठी परत हवे आहे, आणि दिले नाही तरी ते या आठवड्यापलीकडे टिकेल असे वाटत नाही.

ता. क. (शेवटची) हायवेवर तू हात वर केलास तो मला केलास की उन्हाला, ते आलास की सांग. उन्हाला केला असशील तर सांगू नकोस. अजिंक्य रोज विचारतो, काका जेवले का? मी कस्तुराला तुझ्या नावाची भाकरी टाकायला सांगतो, ताट तुझ्यापुढे ठेवतो आणि ती गार झाली की मीच खातो. उद्या ना परवा तो म्हणणार, काकांना फोन द्या. तेव्हा मी काय सांगायचे? शेवट सांगायचे काम नेहमी तुझे होते.